काकीचं छप्पर जाऊन घरकुल येतंय. वर स्लॅब टाकू, पत्रा टाकू का कौलं?

डोंगरकाठ
नमस्कार मंडळी. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, गाव म्हणण्यापेक्षा वाडीच. माझी थोरली काकी तिथं एकटी असते. चुलते गेले, पोरी आपापल्या घरी. तिचं घर अजून कारवीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर, मागच्या पाख्यावर पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद. २०१८ च्या सर्व्हेत तिचं नाव लागलं होतं, त्या ड यादीतनं (घर नसलेल्यांची प्रतीक्षा यादी) आत्ता प्रधानमंत्री आवासचं घरकुल मंजूर झालंय. पहिला हप्ता १५ हजार खात्यावर आला आणि १२ महिन्यांत घर पूर्ण करा असं सांगितलंय.

अडचण अशी की गवंडी म्हणतो स्लॅबच टाका, एकदाचं काम होऊन जाईल. काकीचा भाऊ म्हणतो आपल्याकडच्या पावसात सपाट स्लॅब म्हणजे डोक्यावर तळं, पत्रा टाका. काकी म्हणते मला कौलं पाहिजेत आणि छप्पर अजिबात पाडायचं नाही, माझी चूल तिथंच राहणार. मी कराडला नोकरीला, सुट्टी असेल तेव्हाच जाणं होतं, त्यामुळं रोज उभं राहून काम करून घेणारं माणूस नाही.

सातारा-सांगलीकडं कुणी घरकुल बांधलं असेल तर सांगा, पैसे कसे बसवले, वर काय टाकलं, आणि आता राहून काय वाटतंय.

माणदेशी
स्लॅब नको. एप्रिल-मेमध्ये म्हसवडला या, घरकुलातली माणसं दुपारभर लिंबाखाली असतात. रात्री पण स्लॅब तापलेलाच.

गवंड्याचं_पोर
@माणदेशी, अहो त्यांचं पाटण आहे. तिकडं उन्हाचा नाही, पावसाचा ताप.

धागाकर्ते, बाप गवंडी आणि मी सेंट्रिंगची कामं घेतो, कराड-पाटण भागातच, तर आधी पैशाचं बोलू कारण छताचा निर्णय शेवटी तिथंच होतो. घरकुलाला कमीत कमी २५ चौरस मीटर बांधकाम लागतं, म्हणजे २६९ चौरस फूट. आमच्या भागात स्लॅबसकट सगळं धरून दीड हजार रुपये फुटाच्या खाली कोण काम घेत नाही, म्हणजे चार लाखाचं गणित झालं. आता येणार किती बघा. अनुदान १ लाख २० हजार, डोंगरी भागात धरलं असेल तर १ लाख ३०. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतनं ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, म्हणजे २८ हजार. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजार वाढवून दिले पण त्यातले १५ हजार सोलरचे. सगळं मिळून २ लाख १० हजाराच्या आसपास. राहिलेलं अंगावर.

म्हणून सांगतो, वर काय टाकायचं ते नंतर, जोतं आणि भिंती यात काटकसर करू नका. जोत्याला दगड रानातलाच मिळतो का बघा. आणि पहिल्या १५ हजारात जोतं होत नाही, दुसरा हप्ता जोत्याचा फोटो जिओ टॅग झाल्याशिवाय (म्हणजे ठिकाणासकट ॲपवर चढल्याशिवाय) येत नाही, ही मधली खिंड सगळ्यात अवघड. बरीच कामं तिथंच अडकून पडलेली बघितलीत, उघड्या जोत्यात गवत उगवलेलं.

पायवाट
थोडं वेगळं मत. मी पुण्यात असते पण सह्याद्रीत भरपूर फिरते. कारवीचा कूड, शेणानं सारवलेली जमीन, वर गवत, यात उन्हाळ्यात जो गारवा असतो तो कुठल्याच स्लॅबखाली मिळत नाही. सगळं साहित्य आसपासचं, मोडलं तर मातीत मिसळणारं. अशी घरं पाडून सगळीकडं एकसारख्या सिमेंटच्या खोल्या उभ्या करणं मला पटत नाही. सरकारनं तेच छप्पर दुरुस्त करायला पैसे दिले तर?

सारवण
@पायवाट, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही सविस्तर लिहिते. मी शिराळ्याकडच्या अशाच छपरात जन्मले आणि दहावी तिथूनच केली.

छप्पर एकदा बांधलं आणि निवांत राहिलो असं नसतं. दरवर्षी पावसाच्या आत शाकारणी. आधी जुनं कुजलेलं गवत उपसायचं, त्यात विंचू, गोम, कधी अख्खी धामण. मग नव्या गवताच्या पेंड्या खालनं वर फेकायच्या आणि वर बसलेल्यानं वळचणीपासनं लावत आढ्यापर्यंत जायचं. बांधायला घायपाताचा वाक, तो पानं कुजवून, ठेचून, धुवून आधीच करून ठेवायचा. आमचे आबा हे सगळं पैऱ्यानं करायचे, आज आमचं छप्पर, उद्या शेजाऱ्याचं. आता पैऱ्याला येणारी माणसं मुंबईला नाहीतर एमआयडीसीत. डोंगरातलं गवत वणव्यात जातं. कारवी चांदोलीच्या जंगलात, तिथं तोड करता येत नाही आणि ते योग्यच आहे. मग माणसं काय करतात तर गवताच्या जागी प्लॅस्टिकचा कागद टाकतात. तुम्ही म्हणताय ते गार छप्पर आता गावात राहिलंच नाही हो, राहिलाय तो कागदाखाली उबणारा कूड.

आणि बायकांचं काम. श्रावणात कूड आतनं भिजायचा, लिंपा सुटून पडायचा, आई रात्री कंदील धरून कुठं गळतंय ते बघत पातेली सरकवायची. माझं दप्तर आढ्याला टांगलेलं असायचं, खाली ओल आणि कोपऱ्यात उंदीर. एकदा आमच्या आळीत चुलीची ठिणगी वाऱ्यानं उडून शेजारशेजारची छपरं दुपारच्या दुपारी जळून गेली. एका घरात लेकीचं लग्न तोंडावर होतं, भांडीकुंडी, साड्या, वर्षाचं धान्य सगळं गेलं. त्या आत्या चुलीपुढं बसायलाच घाबरायच्या पुढं.

आमचं घरकुल इंदिरा आवासमधलं. एक खोली, पुढं पडवी, वर पत्रा. पण आईच्या नावावर. तिच्या नावावर आयुष्यात लागलेली ती पहिली वस्तू. उताऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी तिनं मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मला कुणी छपराचं कौतुक सांगितलं की हे आठवतं.

चिंचेचा_पार
+१ सारवण. दुसरं काही लिहायला नको.

पायवाट
@सारवण, वाचलं आणि परत वाचलं. गळणाऱ्या घरात कुणी राहावं असं माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा एवढाच की नवं घर बांधताना त्या जागेचं हवामान, तिथल्या माणसांची कामाची पद्धत बघितली जात नाही. कराडकडचं मसूर गाव असो नाहीतर महाबळेश्वर, खोली तीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि म्हसवडकडं माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, मग घर एकसारखं कसं?

थोडं_तांत्रिक
सिव्हिलवाला आहे, ग्रामीण घरकुलांच्या कामांवर देखरेख करतो, म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो.

पायवाट यांचा मुद्दा योग्य आहे, आणि योजना त्याच्या आड येत नाही. योजनेत स्लॅबची सक्ती नाही. टिकाऊ छत पाहिजे, मग पत्रा, कौलं, उतरता स्लॅब, काहीही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या मदतीनं वेगवेगळ्या राज्यांसाठी भागाभागाप्रमाणं घरांचे नमुने पण काढून घेतलेत. पण गावात गवंड्याला जो नकाशा पाठ आहे तोच उभा राहतो. ठेकेदार लावायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधून घ्यायचं असा नियम आहे. म्हणजे घर कसं पाहिजे हे काकींनी ठरवायचं आहे, आणि त्यांनी ते ठरवावं.

धागाकर्ते, तुमच्यासाठी छताइतकाच महत्त्वाचा विषय भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. सगळ्यात जास्त कोसळली ती दगड-मातीची जाड भिंतींची घरं. हलक्या कुडाच्या घरांनी माणसं कमी मारली, हे खरंच आहे. आता आपण हलकं घर काढून जड घर उभं करतोय, तर ते बांधलेलं पाहिजे. जोत्याला सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा, दारं-खिडक्यांच्या वर लिंटलचा पट्टा घराला सगळीकडनं सलग, आणि छताखाली एक. लोक काय करतात, लिंटल फक्त दार-खिडकीपुरता टाकतात. तसं करू नका. थोड्या सळईत आणि सिमेंटमध्ये अख्खं घर एका पेटीसारखं बांधलं जातं.

आटपाडी_एक्सप्रेस
पाटणचं चाललंय त्यात आमचं पण ऐकून घ्या. आमच्याकडं जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड, त्याच्यावर पांढरी माती. मे महिन्यात आत शिरलं की घाम सुकतो. पण त्याच्या माती-लाकडाला आता माणूस मिळत नाही, आणि जोराचा पाऊस लागून राहिला की माळवद बसतं. माझ्या मामानं घरकुलाला स्लॅब टाकला, उंची १० फूट ठेवली, समोरासमोर खिडक्या काढल्या आणि दर उन्हाळ्यात स्लॅबला वरनं चुन्याचा हात मारतात. बराच फरक पडतो. बाकी मेंढरं बाहेर, पण करडं थंडीत आतच असतात, मामी म्हणती माझ्या घरात माणसांपेक्षा करडांचाच जिओ टॅग काढा.

माणदेशी
चुन्याचा हात चांगला उपाय. थोडा सरस नाहीतर फेव्हिकॉल घाला त्यात, नाहीतर पहिल्या पावसात निघून जातो.

कृष्णाकाठची
वर काय टाकायचं हा प्रश्न डोंगरात. आमच्याकडं नदीकाठी प्रश्न खालनं. सांगलीत इर्विन पुलावर ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला परत. आमच्या पलूसच्या बाजूला नदीजवळच्या वस्तीत जी कुडाची, पाचटाची छपरं होती ती गेलीच, काय सापडलंच नाही. पण मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती पण विरघळल्या. पाण्यात चार-पाच दिवस उभी राहिली ती घरं सिमेंटमध्ये बांधलेली आणि उंच जोत्याची. गाळ काढला, धुतली आणि माणसं परत राहायला गेली.

म्हणून आमच्याकडं कोण विचारलं तर मी सांगते, आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, २०१९ ला कुठवर, आणि त्या खुणेच्या वर जोतं घ्या. नसेल जमत तर तिथं बांधूच नका. आणि तिथं स्लॅबच पाहिजे, कारण पाणी चढलं तर माणसाला, धान्याच्या पोत्याला वर जायला जागा राहते. पत्र्यावर कुठं चढणार.

डोंगरकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. @कृष्णाकाठची, ताई तुमच्याकडचं वाचून एक विचारतो, जागेचं. आमचं जुनं छप्पर उतारावर आहे, मागं डोंगर. नवी जागा म्हणून तिथंच शेजारी फोटो काढायचा विचार होता, कारण ८ अ च्या उताऱ्याला तीच जागा लागलीय.

थोडं_तांत्रिक
थांबा थांबा. डोंगराच्या कुशीला लागून बांधू नका. २०२१ च्या जुलैमध्ये तुमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. मंजुरीच्या आधी राहत्या घराचा आणि बांधायच्या जागेचा असे दोन्ही फोटो टॅग होतात, तर मंजुरीत कुठली जागा टॅग झालीय ते आधी बघा. तीच असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि गृहनिर्माण अभियंत्याला भेटून लेखी अर्ज द्या की जागा बदलून पाहिजे. कारण लिहा, दरडीची भीती. मागच्या बाजूला जमिनीला भेगा, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येणं, झाडं कललेली, असं काय दिसतं का बघून घ्या.

गवंड्याचं_पोर
आणि जागा सपाट करायला डोंगर पोखरू नका. लोक जेसीबी लावून मागं उभा कट मारतात आणि त्याला चिकटून भिंत बांधतात. पहिल्या मोठ्या पावसात तोच कट घरात येतो.

रोखठोक
सगळं ठीक, पण एक बोलतो. आमच्या गावात घरकुलाच्या यादीत दोन मजली बंगल्यावाले पण आहेत, आणि खरंच छपरात राहणारे बाहेर. आमच्या कराच्या पैशातनं हे चालतं. आधी याद्या स्वच्छ करा, मग छताचं बोला.

सारवण
@रोखठोक, राग रास्त आहे पण तो काकींच्या धाग्यावर काढून काय होणार. यादी ग्रामसभेत वाचली जाते, हरकत तिथं घ्यायची असते. आमच्याकडं बायकांनी घेतली आणि नावं कमी झाली. तीनचाकी-चारचाकी, सरकारी नोकरी, आयकर, अडीच एकराच्या वर बागायत किंवा पाच एकराच्या वर जिरायत, यातलं काय असलं की नाव बसत नाही. आधी दुचाकी आणि फ्रिज असला तरी नाव कटायचं, ते आता काढलं. दूध घालायला जायला जुनी गाडी असलेला माणूस श्रीमंत नसतो, त्यामुळं ते बरंच केलं.

रोखठोक
ग्रामसभेत बोलायला माणूस गावात पाहिजे. जे बोलतात त्यांचं नाव बरोबर कटतं. तरी २०२५ च्या सर्व्हेत ॲपवरनं स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय दिली हे मान्य, त्यानं थोडं बरं झालं.

ऊसपट्टा
यादीत चुकीची माणसं आली हा एक भाग. मला जास्त टोचतो तो दुसरा. वाळवा तालुक्यात राहतो. सगळीकडं ऊस, बंगले, ट्रॅक्टर, आणि त्याच उसाच्या कडेला मालकाच्या रानात मोटरीच्या खोलीशेजारी पाचटाची छपरं. त्यात राहणारी माणसं पिढ्यानपिढ्या इथली. शेतमजूर, पारधी, नंदीवाले, कुणी गायरानात, कुणी ओढ्याकाठी. (कारखाना चालू झाला की बीडकडनं येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्या वेगळ्या, त्यांचं घरकुल त्यांच्या गावाला.) यांच्याकडं रेशनकार्ड आहे, आधार आहे, मतदान करतात. नाही ती फक्त जागा. आणि जागेचा उतारा नाही तर घरकुल नाही. यादीत नाव येतं, जागा नाही म्हणून नाव मागं सरकतं, खालच्याचं काम सुरू होतं. ज्याला सगळ्यात जास्त गरज तो सगळ्यात शेवटी.

जागा घ्यायला योजना आहे, पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची. ५०० चौरस फुटांपर्यंत जागेला आधी ५० हजार मिळायचे, ते १ लाखापर्यंत वाढवले. आता आमच्याकडचा हिशोब बघा, ५०० फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही, आणि गावठाणाच्या कडेला गुंठ्याचा भाव काही लाखांत. विकणारा म्हणतो अर्धा गुंठा तोडून कशाला देऊ. घरकुलासाठी १ हजार फुटांपर्यंत तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घेता येतो, पण ती परवानगी आणायला मजुरी बुडवून कोण फिरणार.

आमच्या रानाशेजारी एक म्हातारी राहती, तिच्या छपराला मेढी म्हणून जुने सायकलचे पाईप लावलेत. तिच्या नवऱ्यानं आमच्या आजोबांकडं आयुष्यभर पाणी पाजलं. यंदा आम्ही भावांनी ठरवलं, रस्त्याकडंचा एक गुंठा तिच्या नावावर करून द्यायचा. वडील पहिल्यांदा तयार नव्हते, आता आहेत. कागदपत्रांचं चाललंय. ज्यांच्याकडं जमिनी आहेत त्या सगळ्यांना मी म्हणतो, तुमच्या रानात जे छप्पर आहे त्या माणसानं तुमचा ऊस मोठा केलाय. एक गुंठा द्या. सरकार घर देतंय, जागा तुम्ही द्या.

चिंचेचा_पार
@ऊसपट्टा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

रोखठोक
हे मात्र आवडलं. आमच्याकडं सांगून बघतो, दोन-तीन जण ऐकतील असे आहेत.

कृष्णाकाठची
ऊसपट्टा, बक्षीसपत्र करताना तलाठ्याकडं फेरफार होईपर्यंत पाठ सोडू नका. नुसत्या स्टॅम्पवर लिहून दिलं तर पुढं तुमच्या पोरांनी किंवा भावकीनं हरकत घेतली की म्हातारी उघड्यावर. आणि त्या भटक्या-विमुक्त असतील तर यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत पण बघा, अनुसूचित जातीच्या असतील तर रमाई आवास, आदिवासी असतील तर शबरी. प्रत्येकीची यादी वेगळी, एकीत अडलं तर दुसरीत होतं.

गलाईवाला
मी मूळचा विट्याचा, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात, राहायला तमिळनाडूत. इकडं पण हेच चाललंय म्हणून लिहितो. इथल्या सरकारनं २०२४ मध्ये 'कलैग्नर कनवू इल्लम' सुरू केली, २०३० पर्यंत झोपडी-छप्पर राज्यात ठेवायचं नाही म्हणून ८ लाख घरं, पहिल्या वर्षी १ लाख. एका घराला साडेतीन लाख. ३६० फूट घर, त्यातलं ३०० फूट स्लॅब आणि राहिलेल्या ६० फुटाला मालकाच्या पसंतीचं छत, फक्त आग न लागणारं पाहिजे. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बाईनं त्या ६० फुटात कौलं घालून पुढं ओटी केलीय, तिचा सगळा दिवस तिथंच जातो. केरळात लाइफ मिशनमध्ये ४ लाख देतात. आपल्याकडं १ लाख २० हजाराचा आकडा २०१६ पासून तोच आहे, राज्यानं वरनं ५० घातले तेवढेच. सिमेंट, सळई, मजुरी कुठल्या कुठं गेली.

थोडं_तांत्रिक
@गलाईवाला, आकडा वाढला पाहिजे याबद्दल दुमत नाही, रोज हेच बघतो. माणूस हातउसनं घेतो, बायकोचे डाग मोडतो, बचत गटाचं कर्ज काढतो. योजनेत ७० हजारांपर्यंत कर्जाची सोय लिहिलेली आहे पण बँकेत गेल्यावर तारण विचारतात.

तुम्ही सांगितलेली ३०० अधिक ६० ची कल्पना धागाकर्त्यांनी उचलावी असं मी म्हणतो. सगळा स्लॅब किंवा सगळा पत्रा असं करायचं कारण नाही.

डोंगरकाठ
हेच लिहायला आलो होतो. गावी जाऊन आलो, काकीसमोर बसून धागा वाचून दाखवला. सारवणताईंचं ऐकताना "हां, हां, आसंच" म्हणत होती, आणि पैऱ्याचं आल्यावर तिनं कोण कोण यायचं ती नावंच सांगितली.

छप्पर का पाडायचं नाही ते आत्ता नीट कळलं. मला वाटलं जीव गुंतलाय. तसं नाही. तिला धुराची काळजी. म्हणाली, गवतातनं धूर निघून जातो, स्लॅबच्या खोलीत चूल पेटवली तर मी आंधळी होईन. उज्ज्वलाचा सिलेंडर आहे पण तो चहाला आणि पाहुणा आला तर. भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण लाकूडफाटा फुकट आणि सिलेंडर आणायला खाली बाजारात जायचं. म्हणजे नुसती खोली बांधली तर ती दार लावून ठेवणार आणि राहणार परत गळक्या छपरातच. हे आधी विचारलं नसतं तर तसंच झालं असतं.

जागेचं पण झालं. टॅग झालेली जागा उताराचीच निघाली. अर्ज दिलाय. काकीच्या भाच्याची रस्त्यालगतची जागा आहे, तो अदलाबदल करायला तयार आहे.

सारवण
काकींना माझा नमस्कार. चुलीला वेगळी जागा कराच. माझ्या बहिणीनं मागच्या पडवीत चूल घेतली, वर पत्रा दोन थरांत, मधे वीतभर फट ठेवलीय, तिथनं धूर जातो आणि पाऊस आत येत नाही. वैलाची चूल घालून धुराडं पण काढता येतं, आमच्याकडं बचत गटाच्या बायका घालून देतात.

गवंड्याचं_पोर
कौलांबद्दल काकींना एक विचारा, माकडं किती आहेत? पाटण-जावळीकडं कौलं घालून माणसं पस्तावलीत, माकडांची टोळी एकदा नाचून गेली की पावसात दहा ठिकाणी गळणार. म्हणून सगळे पत्र्याकडं वळलेत. पत्रा घ्याल तर जाड घ्या, हूक बोल्टनं पक्का आवळा, वाऱ्यानं उचकटून उडालेले पत्रे दर वळवात बघतो. पत्र्याखाली बांबूची चटई मारली तर पावसाचा आवाज कमी होतो आणि उन्हाळ्यात तापत नाही.

पायवाट
चटईला कारवीच्या ऐवजी बांबू, आणि तो शेतकऱ्याच्या बांधावरचा. मला हे फार आवडलं. @डोंगरकाठ, आतल्या दोन आडभिंती मातीच्या विटांच्या घेता येतील का बघा, त्यांच्यावर छताचं वजन नाही. जमीन पण सिमेंटचा कोबा न करता एका खोलीत सारवणाची ठेवता येईल, काकींना बसायला उठायला गुडघ्याला बरं.

सारवण
@पायवाट, जमीन कोब्याचीच करा हो. सारवायला बसायचं कुणी, काकी एकट्या, वय झालेलं.

डोंगरकाठ
कोबाच. काकीनं आधीच सांगितलंय.

तर ठरलं असं: एक खोली १० बाय १२ ची, तिच्यावर उतरता स्लॅब, मौल्यवान वस्तू, धान्य आणि झोपायला. पुढं सोपा आणि मागं चुलीची पडवी, दोन्हीवर पत्रा, मागच्याला सारवणताई म्हणतात तशी फट. कौलं माकडांमुळं रद्द, काकीनंच "ते खरं हाय" म्हणून सोडलं. जुन्या छपराचे वासे चांगले सागाचे आहेत, ते पडवीला वापरायचे. मग छप्पर आपोआप मोकळं झालं, पाडायचं का नाही हा वादच संपला.

@थोडं_तांत्रिक, तीन पट्ट्यांना सळई किती लागेल? आणि गवंडी म्हणतो जोत्याचा पट्टा नाही घातला तरी चालतंय, त्याला काय सांगू?

थोडं_तांत्रिक
चालत नाही म्हणून सांगा. पट्टा भिंतीच्या रुंदीचा, जाडी कमीत कमी ३ इंच, त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया सलग आणि दर ६ इंचाला ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई तोडून ठेवायची नाही, वाकवून दुसऱ्या भिंतीत निदान दोन फूट आत न्यायची, सगळे इथंच चुकतात. चारी कोपऱ्यांत जोत्यापासून छतापर्यंत एकेक उभी सळई. दार कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब. पत्र्याच्या भागाला पण लिंटलचा पट्टा चुकवू नका. स्लॅबवर पाणी निदान १४ दिवस मारा, काकींना पाईप धरायला लावू नका, ओली पोती टाका नाहीतर मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवा.

गवंड्याचं_पोर
काम कधी काढताय? दिवाळीनंतर लगेच जोतं घ्या, म्हणजे दुसरा हप्ता येईपर्यंत भिंतींच्या विटा ठरवता येतील. वाळूचं ५ ब्रासपर्यंत घरकुलाला मोफत आहे पण पास तहसीलमधनं घ्यायचा आणि वाहतूक आपली, डोंगरात न्यायचं भाडं वाळूपेक्षा जास्त पडतं, त्यामुळं तिघा-चौघा घरकुलवाल्यांनी मिळून एकदम आणा. तुमच्या वाडीत अजून कुणाचं मंजूर आहे?

डोंगरकाठ
अजून दोघांचं आहे. एक तर काकीच्या शेजारचाच, त्याचं ८ अ वर अजून आज्याचं नाव आहे म्हणून अडलंय.

कृष्णाकाठची
वारस नोंदीचा अर्ज लगेच टाका त्याचा, मृत्यूचा दाखला नसेल तर आधी तो काढायला लागेल. तोपर्यंत वाळू काकीच्या नावावरचीच आणा.